जोतीबांचें स्मारक : पुतळा, मंडई आणि भाकर

पुण्याच्या मध्यवस्तींत आठ कोनांची एक दगडी मंडई उभी आहे. १८८६ सालीं ती बांधून पुरी झाली, तेव्हां मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला देण्यांत आलें आणि पुढें कैक वर्षें पुणेकर तिला रे मार्केट म्हणत आले. आज तिचें नांव महात्मा फुले मंडई असें आहे. मेथीच्या जुड्या आणि वांग्यांच्या पाट्या यांच्यामधून वाट काढतांना फार थोड्यांच्या मनांत येत असेल, कीं ज्या पुरुषाचें नांव ह्या इमारतीच्या कपाळीं लिहिलें आहे, त्याचा ती बांधण्यास विरोध होता. एवढा पैसा दगडविटांवर ओतण्यापेक्षां गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणाकडे लावावा, असें जोतीराव फुले यांचें म्हणणें होतें. तें कोणीं ऐकिलें नाहीं.

श्रोतेहो, स्मारक ह्या वस्तूचा इतिहास बहुधा असाच वांकडातिकडा असतो. ज्याचें स्मारक करावयाचें तो बोलावयास उरलेला नसतो, आणि जे उरतात ते आपापल्या सोयीनें त्याची आठवण ठेवतात. पुण्यानें जोतीबांची आठवण कसकशी ठेविली, आणि कित्येक वर्षें ती कशी ठेवूं दिली नाहीं, ही हकीकत आज सांगण्याचें मीं योजिलें आहे.

आरंभ नगरपालिकेपासूनच करूं, कारण ह्या कथेंत ती वारंवार येते. १८७६ सालापासून कांहीं वर्षें जोतीबा पुणें नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० सालीं लॉर्ड लिटन यांच्या पुणें-भेटीच्या प्रसंगानें स्वागताप्रीत्यर्थ एक हजार रुपये खर्च करावे, असा प्रस्ताव सभेपुढें आला. हा पैसा विद्यादानाकडे लावावा, असें म्हणून जोतीबांनीं एकट्यानें विरुद्ध मत दिलें. बाकीचे सारे अनुकूल होते. १८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढणाऱ्या आणि आपल्या पत्नीस, सावित्रीबाईंस, शिक्षिका करणाऱ्या ह्या माणसास एकटें पडण्याची संवय होती. पुढें १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हां तर त्यांच्या पाठीशीं त्यांच्या जातीचे लोकही फारसे नव्हते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीबा वारले. आपला देह दहन न करितां मिठांत घालून पुरावा, अशी इच्छा त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविली होती, आणि त्यासाठीं घरामागें जागाही योजिली होती. वस्तींत प्रेत पुरण्यास नगरपालिकेनें परवानगी दिली नाहीं. दहन करावें लागलें. दत्तक पुत्राच्या अधिकाराविषयीं भाऊबंदांनीं वाद काढला, तेव्हां सावित्रीबाई स्वतः टिटवें हातीं घेऊन प्रेतयात्रेच्या पुढें चालल्या. बाईनें टिटवें धरणें ही त्या काळीं केवढी गोष्ट होती हें सांगावयास नको. मागाहून अस्थि घरामागच्या त्याच जागीं ठेविल्या गेल्या. तेथें तुळशीवृंदावन आहे. हें जोतीबांचें पहिलें स्मारक, आणि तें त्यांच्या पत्नीनें व आप्तस्नेह्यांनीं केलेलें.

त्यांच्या मागें सत्यशोधक समाज राहिला. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत स्थापन झालेली ही संस्था. देव आणि भक्त यांच्यामध्यें दलाल नको, लग्नास भटजी नको, शूद्रातिशूद्रांच्या मुलांनीं शिकावें, एवढें तिचें सूत्र. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक जोतीबांनीं अमेरिकेंतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केलें. पुण्याच्या गंज पेठेंतील एक गृहस्थ सातासमुद्रांपलीकडील घडामोडीकडे आपल्या घरचा प्रश्न म्हणून पाहत होता, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांनीं पुष्कळ वर्षें ध्यानांत घेतली नाहीं. समाजाच्या मंडळींपैकीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईस गिरणीकामगारांची संघटना उभी केली, आणि गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुटी १८९० च्या जून महिन्यांत, म्हणजे जोतीबांच्या हयातींतच, मिळाली. हा धागा लक्षांत ठेवावा. पुढें तो पुन्हां हातीं येणार आहे.

पुण्यांत मात्र समाज मंदावला. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयानें १९११ सालीं त्याला नवा जोम आला, परंतु तो जोम हळूहळू ब्राह्मणेतर राजकारणाकडे वळला. त्यांत जोतीबांचें नांव पुष्कळ घेतलें गेलें. अस्पृश्यांच्या पाण्याचा आणि स्त्रियांच्या शाळेचा विसर मात्र अनेकांस पडला, असें माझें मत आहे.

आतां पुतळ्याची गोष्ट. १९२४ सालीं रे मार्केटाच्या आवारांत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्तें त्याचें अनावरण झालें. पुढच्याच वर्षीं केशवराव जेधे आणि त्यांचे तरुण सहकारी नगरपालिकेंत निवडून आले, आणि त्यांनीं जोतीबांचा पुतळा शहरांत उभारावा अशी मागणी केली. ती फेटाळली गेली. वर्तमानपत्रांतून आणि सभांतून जोतीबांविषयीं जें बोललें व लिहिलें गेलें, त्यांत इंग्रजांचा हस्तक, मिशनऱ्यांचा चेला, अशीं विशेषणें होतीं. उत्तर म्हणून दिनकरराव जवळकर यांनीं ‘देशाचे दुष्मन’ हें पुस्तक लिहिलें, आणि त्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांच्यावर जहाल भाषेंत हल्ला चढविला. खटला झाला. लेखक आणि त्याच्या साथीदारांस शिक्षा झाल्या, अपिलांत डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं त्यांची वकिली केली आणि १९२६ सालीं ते सुटले.

जवळकरांचें पुस्तक सभ्य होतें असें मी म्हणणार नाहीं. परंतु ज्या शहरांत एका पक्षाच्या पुरुषास जागा मिळते आणि दुसऱ्याच्या पुरुषास शिवी, तेथें भाषा बिघडली तर नवल काय? शिवाय ह्या भांडणांत दोन्हीं बाजूंस एक जुनी गोष्ट आठवली नाहीं. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक आणि आगरकर यांच्यावर बदनामीचा खटला भरला गेला, तेव्हां दहा हजारांच्या जामिनासाठीं जोतीबांनीं शब्द टाकला आणि त्यांचे स्नेही रामशेट उरवणे उभे राहिले. दोघे डोंगरीच्या तुरुंगांतून सुटले, तेव्हां सत्यशोधकांनीं त्यांचा सत्कारही केला. ज्यांचे पुतळे एकमेकांस सहन होत नव्हते, तीं माणसें जिवंतपणीं एकमेकांच्या अडचणीस धांवलीं होतीं.

पुढें वारें पालटलें. जेधे काँग्रेसमध्यें आले, काकासाहेब गाडगीळांशीं त्यांची जोडी जमली. आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतांना त्यांच्या पुढाकारानें रे मार्केटाचें नांव बदलून महात्मा फुले यांचें नांव त्यास देण्यांत आलें. अत्र्यांनीं जोतीबांवर बोलपटही काढला. १९५४ सालच्या त्या बोलपटास राष्ट्रपतींचें रौप्यपदक मिळालें. टिळकांचा पुतळा आणि जोतीबांचें नांव असें दोन्हीं एकाच आवारांत आलें. गंज पेठेंतील घर सरकारनें संरक्षित स्मारक केलें, पेठेसही जोतीबांचें नांव मिळालें, आणि २००३ सालीं दिल्लीस संसदेच्या आवारांत पुतळा उभा राहिला. भिड्यांच्या वाड्याचें प्रकरण तेवढें न्यायालयांत अडकून पडलें होतें. २०२३ सालीं निकाल लागला, जुनी इमारत उतरविण्यांत आली, आणि तेथें राष्ट्रीय स्मारक करण्याचें काम नगरपालिकेची उत्तराधिकारी जी महानगरपालिका, तिच्याकडे आलें.

परंतु एवढ्यावर हकीकत संपवावी, तर ती दगड आणि पाट्या यांचीच हकीकत होईल. ह्याच शहरांत, जोतीबांच्या घरापासून फार लांब नव्हे अशा नाना आणि भवानी पेठांतील भुसार बाजारांत, एक निराळें स्मारक उभें राहिलें आणि तें हमालांनीं उभें केलें.

भुसार बाजारांतील हमालाचें जिणें ज्यांनीं जवळून पाहिलें नसेल, त्यांना थोडें सांगितलें पाहिजे. मालमोटार आली, कीं शंभर किलोचें पोतें पाठीवर घेऊन तो गाळ्यांत नेई आणि थप्पी लावी. व्यापारी त्याचा मालक, असें व्यवहारांत सारे समजत. कागदावर मात्र कोणीच त्याचा मालक नव्हता. आज एकाच्या गाळ्यावर काम, उद्यां दुसऱ्याच्या. त्यामुळें हमालीचा दर, दुखापतीची भरपाई, म्हातारपणची तरतूद, कशासाठींही दाद मागावयाची तर कोणाकडे? तोलाईवाल्यांचीही तीच गत. ज्या शेतकऱ्याचा आसूड जोतीबांनीं आपल्या पुस्तकांत उगारला, त्याच शेतकऱ्याचें धान्य हे लोक वाहत होते, आणि बहुतेक स्वतः त्याच शेतकऱ्याच्या घरचे होते.

नाना पेठेंत दवाखाना चालविणारे डॉ. बाबा आढाव यांच्याकडे हीं माणसें औषधास येत. पाठीची आणि छातीची दुखणीं औषधानें बरीं होण्यासारखीं नाहींत, हें डॉक्टरांस कळून चुकलें. १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत स्थापन झाली. ‘युनियन’ हा शब्द न घेतां ‘पंचायत’ हा घेतला, यांतही कांहीं विचार दिसतो: भांडण तर करावयाचेंच, पण आपसांत बसून आपला कारभारही पाहावयाचा.

मुंबईस अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालीं माथाडी कामगारांनीं, आणि पुण्यास पंचायतीनें, जो झगडा दिला त्याचें फळ म्हणजे १९६९ सालचा महाराष्ट्राचा माथाडी कायदा. त्याची रचना चतुराईची आहे. हमाल कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नाहीं हें मान्य करून कायद्यानें मध्यें एक मंडळ बसविलें. हमालानें मंडळाकडे नांव नोंदवावयाचें; व्यापाऱ्यानें मजुरी आणि तिच्यावर ठराविक लेव्ही मंडळांत भरावयाची; मंडळानें मजुरी हमालास द्यावयाची आणि लेव्हींतून भविष्यनिर्वाह निधि, बोनस, उपदान यांची सोय करावयाची. मालक बदलला तरी निधि बदलत नाहीं. लोखंड्यांनीं गिरणीकामगारांसाठीं जें मागितलें, तें ज्यांना गिरणी नाहीं, हजेरीपट नाहीं, अशांपर्यंत पोंचावयास सुमारें ऐंशीं वर्षें लागलीं.

बहात्तरच्या दुष्काळांत आढाव व त्यांचे सहकारी ‘एक गांव, एक पाणवठा’ ही हांक देऊन महाराष्ट्रांत हिंडले. खेड्यांत विहीर कोरडी पडत होती, तरी ती वांटून घेण्याची तयारी नव्हती. दलितांना सार्वजनिक पाणवठ्यावर हक्क कायद्यानें केव्हांच मिळाला होता. पण विहिरीच्या कांठावर तो कायदा ठाऊक असलेला मनुष्य एकही नसे, अगर असला तरी गप्प असे. गंज पेठेंतील हौद १८६८ सालीं खुला झाला होता, आणि शंभर वर्षांनंतर तोच प्रश्न घेऊन गांवोगांव जावें लागलें! ह्या मोहिमेनें सारीं गांवें सुधारलीं असें कोणी म्हणूं नये. कोठें विहीर खुली झाली, कोठें कार्यकर्ते परतल्यावर पुन्हां मिटली. आढावांनीं तो अनुभव त्याच नांवाच्या पुस्तकांत लिहून ठेविला आहे.

१९९३ सालीं ह्याच परंपरेंतून कागद, कांच, पत्रा वेंचणाऱ्यांची पंचायत निघाली. तींत बहुतेक दलित बाया. पोत्यासह त्यांना चोर समजून हांकलण्यांत येई. पंचायतीनें त्यांना महानगरपालिकेच्या मान्यतेचीं ओळखपत्रें मिळवून दिलीं, आणि २००८ सालापासून त्यांच्याच सहकारी संस्थेकडे घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम आलें. येथें एक आठवण सहज होते. अमेरिकेंतील निग्रोंच्या नागरी हक्कांसाठीं झटणारे मार्टिन ल्यूथर किंग १९६८ सालीं मेंफिस येथें मारले गेले, तेव्हां ते तेथें गेले होते कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपास पाठिंबा देण्यास. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका ज्यांनीं वाचली आहे, त्यांना हा योगायोग केवळ योगायोग वाटणार नाहीं.

आणि शेवटीं भाकरीची गोष्ट. हमालांपैकीं पुष्कळांचें बिऱ्हाड गांवीं, आणि ते एकटे शहरांत. खानावळीचा दर परवडत नसे, चहा-पावावर दिवस काढून पोतीं उचलावीं लागत. १९७४ सालीं, महागाईचे ते दिवस होते, हमाल पंचायतीनें ‘कष्टाची भाकर’ हें केंद्र सुरू केलें. ना नफा ना तोटा, एवढाच हिशेब. भाकरी भाजावयास हमालांच्याच घरच्या स्त्रिया. त्यांनाही त्यांतून रोजगार मिळाला. धर्मादाय अन्नछत्र काढणें सोपें होतें, पुण्यांत दातेही कमी नव्हते. पण पंचायतीनें तें केलें नाहीं. जेवणारा पैसे देऊन जेवतो, म्हणून भाजी खारट झाली तर तो तसें स्पष्ट सांगूं शकतो. तेथें हमालाशेजारीं रिक्षावाला आणि कचेरींतला कारकून एका बांकावर बसूं लागले, आणि ताट वाढणाऱ्या बाईस कोणीं जात विचारली नाहीं.

डॉ. आढाव डिसेंबर २०२५ मध्यें वारले. त्याच्या आदल्या वर्षीं त्या केंद्रास पन्नास वर्षें पुरीं झालीं होतीं.