आगोटीआधीची शेवटची खेप

खिशातला फोन इथेच ठेवून या. भिजेल, आणि वेळ बघायला तो लागणारही नाही. आज वैशाख वद्य नवमी आहे, साल 1870. एवढं पुरे.

तुम्ही भाऊच्या धक्क्यावर उभे आहात. उभे म्हणजे दोन्ही बाजूंनी कोपरं खात कसेबसे टिकून आहात. सकाळचे आठ वाजायचेत आणि बंडी आत्ताच पाठीला चिकटलीय. शेजारच्या पडावातून हापूसच्या करंड्या उतरताहेत. त्यांचा गोड वास नाकात शिरतो न शिरतो तोच मागून सुकटीचा आणि ओल्या काथ्याचा वास येऊन त्याला ढकलून देतो. हमाल ओरडतात, बायका पोरांच्या नावाने हाका मारतात, कुणाचं तरी बोचकं पाण्यात पडलंय आणि त्यावर चौघं सल्ले देताहेत. गर्दीला कारण आहे. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, तोंडावर आली. चार-आठ दिवसांत सगळे मचवे किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकले जातील, ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. आज जागा मिळाली नाही तर कोकणात जायला पायवाट, घाट आणि दर दोन कोसांवर एक खाडी.

तुम्हाला जागा मिळालीय. हर्णैच्या एका मचव्यात, मिठाच्या पोत्यांवर. मचवा असेल पस्तीसेक फूट लांब. माणसं वीस. डोलकाठी पुढच्या बाजूला कललेली, जणू तिलाच घरी जायची घाई आहे. तिच्यावर चढवायचं तिरकं परबाण काठीपेक्षाही लांब आहे; त्याला गुंडाळलेलं शीड मळक्या धोतरासारखं दिसतं. फळ्यांना माशाचं तेल चोपडलेलं आहे. त्या वासाची सवय होईल असं सगळे सांगतात. होत नाही.

तांडेल पिछाडीला सुकाणूपाशी बसून पान लावतोय. त्याला निघायची वेळ विचारा. तो बोटांवर मोजेल आणि सांगेल. तुम्हीही शिकून घ्या, सोपं आहे: तिथीची पाऊणपट करायची. आज नवमी, नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे पावणेसातला भरती पुरी, सकाळीही आणि संध्याकाळीही. त्यानंतर सुकती. पाणी बाहेर निघालं की त्याच्या पाठीवर बसून आपणही निघायचं. ज्यांनी शाळेत पाऊणकी पाठ केलीय त्यांना हे पंचांग फुकटात मिळतं.

नारळ फुटतो. खोबऱ्याचा एक तुकडा तुमच्या हातात येतो. खाऊन घ्या, आज पोटात राहणारी ही शेवटची गोष्ट आहे.

दुपारपर्यंत काहीच घडत नाही, आणि हेच सोसवत नाही. वारा नाही. समुद्र तापल्या तव्यासारखा. खलाशी वल्ही मारतात, त्यांच्या घामाचे थेंब फळीवर पडून वाळतात. लाकडी पिपातलं पाणी कोमट आणि किंचित खारट. तुमच्या डावीकडे एक म्हातारी बसलीय, मांडीत कोरा पितळी हंडा घट्ट धरून. नातीच्या लग्नासाठी मुंबईहून घेतलाय. दर थोड्या वेळाने ती पदराने तो पुसते आणि तुमच्याकडे संशयाने बघते. (शौचाला जायचं असेल तर पिछाडीला, दोर धरून, बाहेरच्या बाजूला. सगळे तोंड फिरवतात. दोर मात्र सोडू नका.)

मग खारा वारा येतो. वायव्येकडून, पाण्यावर काळसर सुरकुत्या उमटवत. चौघं मिळून परबाण चढवतात, कप्पी किंचाळते, शीड एकदा फडफडतं आणि पोट फुगवून गप्प होतं. मचवा एका अंगावर कलतो आणि चालू लागतो. खांदेरीचं बेट डावीकडून मागे सरतं. बेटावरचा दिवा लागायला लागून तीनच वर्षं झालीत, अजून लोक बोट दाखवून एकमेकांना तो दाखवतात. गार वारा, मिठाचे बारीक तुषार, शेजारच्याने पुढे केलेली दशमी. तुम्हाला वाटतं, उगाच घाबरलो.

तांडेलाला तसं वाटत नाही. तो पान चघळायचं थांबलाय. नैर्ऋत्येकडून लांब, लोळणाऱ्या लाटा येताहेत, आणि वारा तर वायव्येचा आहे. मग या लाटा कुणी पाठवल्या? पलीकडे कुठेतरी मोठा वारा सुटलाय आणि त्याचा निरोप आधी पोचलाय. सूर्य तांबड्या धुरकटात बुडतो. वारा अचानक पडतो. अंधारात कोर्लईच्या डोंगराचा काळा आकार दूर डावीकडे दिसतो. रोज या वेळेनंतर जमिनीवरून मतलई सुटायला हवा, तोही नाही. हवा तोंडावर ओल्या घोंगडीसारखी. कोंबून भरलेल्या मचव्यात कुणी बोलत नाही.

आधी आवाज येतो. दूरवर कुणी कोरड्या पानांवरून पळत यावं तसा.

"दामण सोड!"

शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याचा दोर सुटतो, तोवर वारा येऊन आपटलेला असतो. शीड तोफेसारखं वाजतं. मचवा इतका कलतो की तुम्ही म्हातारीवर, म्हातारी हंड्यावर आणि हंडा फळीवर. परबाण खाली येताना अडकतं. एक खलाशी काठीवर चढतो आणि नुसत्या वजनाने त्याला खाली ओढतो. एवढं मोठं शीड अशा वाऱ्यात वर राहिलं तर दोनच गोष्टी होतात: काठी मोडते किंवा मचवा उलटतो. दोन्ही टळतात. पाऊस सुईसारखा आडवा लागतो.

आता तुम्ही काय ओरडता ते मला माहीत आहे. सगळे तेच ओरडताहेत. "किनाऱ्याला घ्या! रेवदंड्याच्या खाडीत घाला!" किनारा दोन-अडीच कोसांवर आहे. तिथे घरं आहेत, चुली पेटलेल्या आहेत, पाय टेकायला न हलणारी जमीन आहे. वाराही तिकडेच ढकलतोय, नुसतं सुकाणू वळवलं की झालं.

तांडेल नाळ, म्हणजे मचव्याचं पुढचं टोक, समुद्राकडे वळवतो.

या माणसाला वेड लागलंय असं म्हणायच्या आधी हिशेब करा, तुम्हाला येतो. पावणेसातला भरती पुरी झाली. आता आठ वाजून गेलेत. तुम्ही खाडीच्या तोंडाशी पोचाल तेव्हा सुकती जोरात असेल. आतून नदीचं पाणी बाहेर धावतंय, बाहेरून हा वारा लाटा आत रेटतोय, आणि दोघांची गाठ पडते ती तोंडाशी साचलेल्या वाळूवर, जिथे पाणी आधीच उथळ. तिथे लाटा चालत नाहीत, उभ्या राहून कोसळतात. खाडीचं तोंड चुकलं तर खडक. खोल पाण्यात मचवा हेलकावतो, भिजतो, रडवतो. पण फुटायला त्याला जमीन लागते. आज रात्री जमिनीपासून लांब राहणं हेच सगळं काम आहे.

लहान शीड चढतं, मोठ्याच्या तिसऱ्या हिश्शाचंही नसेल. तेवढं हवंच. शीड नसलेला मचवा लाटांना आडवा पडतो, आणि आडवा पडला की संपला. वारा डाव्या अंगावर घेऊन मचवा वायव्येला तोंड करतो. हो, वायव्येला. दिवसभर घाम गाळून जे अंतर तोडलं ते आता तुम्ही उलटं चालताय, मुंबईच्या बाजूला. हसू आलं तर हसून घ्या.

तांडेलाचे हात बघा. अंधारात त्याला लाट दिसत नाही, ती ऐकू येते. मोठी लाट जवळ आली की तो सुकाणू थोडं दाबतो आणि नाळ वाऱ्याकडे वर येते. मचवा लाटेला छाती देत नाही, खांदा देतो. माथ्यावर क्षणभर सगळं थांबतं, पोट गळ्याशी येतं. मग उतरताना तो नाळ सैल सोडतो, शिडात वारा भरू देतो, कारण वेग मेला तर पुढच्या लाटेला सुकाणू ऐकणार नाही. वर, थांब, खाली, भर. शंभर वेळा. दोनशे वेळा. एकदा त्याचा अंदाज चुकतो आणि लाट आडवी अंगावर येते. हिरवं, जड पाणी, कमरेपर्यंत. नाकातोंडात खारट. कुणीतरी तुमचा पाय धरलाय आणि तो सोडत नाही.

"उपसा!"

लाकडी खोरी दोन आहेत आणि माणसं वीस. तांडेल म्हातारीच्या हंड्याकडे बघतो. म्हातारी हंडा छातीशी धरते. दुसरी लाट येते. म्हातारी काही न बोलता हंडा तुमच्या हातात देते.

आता तुमची ओळख हंड्याशी. भरा, गुडघ्यावर टेकवा, वाऱ्याच्या उलट्या बाजूला ओता. वाऱ्याकडे ओतलंत तर सगळं तुमच्याच तोंडावर येईल. हे प्रत्येकजण एकदा करतो. पाणी ओठांना झोंबतं, समुद्राहूनही खारट. बरोबर आहे, पोती विरघळताहेत. तुम्ही मालकाचा माल उपसून टाकताय. थोड्या वेळाने वरची पोती सरळच उचलून टाकायचा हुकूम होतो. उरणच्या मिठागरात उन्हाने समुद्रातून काढलेलं मीठ, एकेक पोतं, समुद्राला परत. मचवा हलका होऊन लाटेवर जरा लवकर चढू लागतो. खालची पोती राहू देतात. पोटात वजन नसलेला मचवा बुचासारखा लोळतो.

ओकारीबद्दल लिहिणार नव्हतो. पण ती वीसच्या वीस जणांना येते, फक्त चार खलाशी आणि तांडेल ओकून झाल्यावर काम चालू ठेवतात. कुणीतरी लिंबाची फोड पुढे करतं. चोखा. थंडी वाजतेय? वैशाखात वाजते, रात्रभर भिजल्यावर. त्या उसाच्या मोळीसारख्या गर्दीत घुसून बसा, उपसायची पाळी संपली की. सकाळी ज्याच्या कोपराला शिव्या दिल्यात तो माणूस आता शेकोटी आहे.

मध्यरात्री एक पोऱ्या शिशाचा गोळा बांधलेला दोर सोडतो. "पंधरा वाव!" एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की बोटापासून बोटापर्यंत. संध्याकाळी आठच वाव होतं. तांडेल पहिल्यांदा थुंकतो आणि नवं पान मागतो. दूर उजवीकडे, पावसाच्या फटीतून, एक दिवा लुकलुकतो. खांदेरी. दुपारी तुम्ही ज्याच्याकडे बोट दाखवलं होतं तोच.

पहाटेकडे वारा पश्चिमेला सरकतो आणि थोडा दम खातो. आता मचवा फिरवायचा आहे, आणि माझ्या मते सगळ्या रात्रीत अवघड काम हेच. या शिडाला वाऱ्यातून सरळ पलीकडे जाता येत नाही. पाठ वाऱ्याला द्यायची, परबाण काठीलगत उभं करायचं, काठीच्या पुढून पलीकडे न्यायचं, आणि शिडाचा मोकळा कोपरा धरलेल्या माणसाने नाळेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला धावायचं. अंधारात, ओल्या फळीवर, अनवाणी. तेवढा वेळ मचव्याला धनी नसतो. तांडेल लाटा मोजतो. तीन मोठ्या जाऊ देतो. मग ओरडतो. तुम्ही हंडा धरून डोळे मिटता. उघडता तेव्हा वारा उजव्या अंगावर आहे आणि मचवा दक्षिणेकडे पळतोय.

पळतानाही धाक आहेच. मागून येणारी लाट पिछाडी उचलते आणि मचव्याला आडवं फेकू बघते. म्हणून काथ्याचा जाड दोर मागे सोडलाय, पाण्यात ओढत. तो शेपूट सरळ ठेवतो.

उजाडतं तेव्हा समोर जंजिऱ्याची भिंत आहे, पाण्यातून उगवल्यासारखी, ओली आणि काळी. पलीकडे राजपुरीची खाडी. आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे पाणी अजून आत जातंय आणि आपल्यालाही आत नेतंय. काल रात्री ज्या गोष्टीसाठी तुम्ही ओरडत होता ती आता पाव तासात होते, कुणी न ओरडता. किल्ल्याच्या आडोशाला लाटा एकदम बसतात. चुलीचा धूर. कोंबडा. कुठेतरी तांदळाची भाकरी भाजली जातेय आणि तो वास पाण्यावरून सरळ तुमच्याकडे येतोय.

म्हातारी हंडा परत घेते, उलटासुलटा करून बघते. बुडाला पोचा आलाय. "तुमच्या हातून आला," ती म्हणते, आणि तुम्हाला अर्धी दशमी देते.

हर्णै अजून गाठायचंय. तांडेल म्हणतो, दर्या बसला तर उद्या सकाळी, भरती वळली की लगेच. कुणासाठी थांबणार नाही. उद्या एकादशी. वेळ तुम्हीच काढा.