पायलटाची दोरशिडी
बंदराचा जलमार्ग जाणणारा पायलट आजही चालत्या जहाजावर दोरशिडीनेच चढतो. विसाव्या शतकात त्यास वर उचलून घेणारी यंत्रे निघाली. परंतु सागरी जीवितरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने १ जुलै २०१२ पासून ती निषिद्ध ठरविली. यंत्रापेक्षा दोर विश्वसनीय ठरावा, हा प्रकार नौकानयनाच्या इतिहासात विरळाच! चढण नऊ मीटरांहून अधिक असल्यास दोरशिडीस जहाजाच्या तिरप्या जिन्याची जोड द्यावी लागते. खरा धोका मात्र एका क्षणाचा असतो. होडी लाटेच्या माथ्यावर येताच शिडी धरून वर सरकावयाचे. विलंब झाल्यास पुढच्या लाटेबरोबर तीच होडी पायांवर आदळते. पण जोडशिडीही निर्धोक नव्हे : ३० डिसेंबर २०१९ रोजी न्यूयॉर्क बंदराबाहेर तिच्यावरून पडून एक पायलट मृत्यू पावला.