चर्चमध्ये सगळे समान, मग ‘दलित ख्रिस्ती’ हा शब्द आला कुठून?

ख्रिस्ती धर्मात जातीला जागा नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याला बायबलमध्ये आधारही आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल सांगतो की ख्रिस्तात यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हे भेद उरत नाहीत. मग ‘दलित ख्रिस्ती’ ही ओळख टिकली कशी?

याचं उत्तर शोधायला अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) जावं लागतं. तिथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू होतं आणि ख्रिस्ती झालेल्यांत महार, मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले चित्पावन ब्राह्मण कवी नारायण वामन टिळक पुढे याच मिशनमध्ये काम करू लागले.

पत्नी लक्ष्मीबाई मात्र तेव्हा हिंदूच होत्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे आल्या त्या सोवळं सांभाळूनच. वेगळी चूल, वेगळं पाणी. पुढे बराच विचार केल्यावर जात देवाने नाही, माणसाने केली, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी शिवाशीव सोडली. बाप्तिस्मा त्यांनी घेतला त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे आधी जात सुटली, मग धर्म बदलला! ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं स्वतःवर हसत हसत सांगितलंय.

टिळकांना आणखी एक भिंत खुपत होती. मिशनमध्ये सूत्रं परदेशी मिशनऱ्यांच्या हातात होती आणि देशी ख्रिस्ती माणूस बहुतेकदा पगारी नोकर. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्या काळात हे फारच धाडसाचं होतं. पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार वाढला नाही.

लक्ष्मीबाईंनी जात घरात सोडली, पण गावात ती सहज सुटत नाही. धर्म बदलला तरी वस्ती तीच राहते, काम तेच राहतं. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने तर २०१६ च्या आपल्या धोरणात, चर्चमध्येही जातिभेद आहे, असं मान्य केलं.

कायदा काय म्हणतो? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. (अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही, ही गल्लत नेहमी होते.)

मद्रासमध्ये रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्या एका ख्रिस्ती माणसाला सरकारी योजनेतली टपरी याच कारणाने मिळाली नाही. हिंदू चर्मकारांना मिळाली. तो सुप्रीम कोर्टात गेला. धर्मांतरानंतरही तेच जाचक भेदभाव तितक्याच तीव्रतेने सोसावे लागतात हे दाखवा, असं म्हणत कोर्टाने १९८५ मध्ये त्याची याचिका फेटाळली. थोडक्यात, चर्चमध्ये समता नाही हे ख्रिस्ती माणसानेच कोर्टाला पटवून द्यायचं!

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने याच प्रश्नाच्या अभ्यासासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.