भोर-वेल्ह्याहून केळशी : वाळूच्या टेकडीची एक दिवसाची सहल, कसं जायचं आणि काय सांभाळायचं

भोर : समुद्र बघायचा म्हटलं की आपल्या भागातली मंडळी हरिहरेश्वर नाहीतर दिवेआगरची वाट धरतात. त्याच कोकणात दापोली तालुक्यातल्या केळशी गावात एक वेगळीच गोष्ट बघायला मिळते, ती म्हणजे वाऱ्याने रचलेली वाळूची टेकडी. पहाटे लवकर निघालं तर एका दिवसात जाऊन येता येतं. मात्र घाट, भरती आणि परतीची वेळ यांचा हिशोब आधी करावा लागतो.

रस्ता कोणता?

भोर, निगुडघर, हिर्डोशी, शिरगाव करत वरंधा घाट उतरायचा आणि बिरवाडीवरून महाड गाठायचं. हे अंतर साधारण ८० किलोमीटर. महाडहून मंडणगडमार्गे केळशी आणखी साधारण ७० किलोमीटर. किलोमीटर कमी वाटले तरी वळणांमुळे चहापाण्यासह पाच तास धरा. वेल्हे (राजगड) तालुक्यातल्या लोकांनी नसरापूर, कापूरहोळ करत आधी भोरला यायचं, म्हणजे तास-सव्वा तास वाढला. केळदजवळचा मढे घाट कोकणात उतरतो, पण ती पायवाट आहे, गाडीचं काम नाही.

पावसाळ्यात वरंधा घाटात दरडी येतात. जिल्हा प्रशासन त्या काळात वाहतुकीवर बंदी घालतं, कधी फक्त जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच. पावसाळ्यानंतरही निघायच्या आदल्या दिवशी भोर किंवा महाड पोलिसांकडे चौकशी करा. घाट बंद असेल तर ताम्हिणीने माणगाव किंवा महाबळेश्वर, आंबेनळी घाटाने पोलादपूर हे पर्याय आहेत. पण त्यात अंतर बरंच वाढतं, मग एका दिवसाचा हट्ट नको.

टेकडी झाली कशी?

ही टेकडी भारजा नदीच्या मुखाजवळ आहे. अभ्यासकांनी तिची उंची सुमारे १८ मीटर नोंदवली आहे, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढी. ओहोटीला किनाऱ्यावरची वाळू सुकते, समुद्रावरचा वारा ती आत ढकलतो. मर्यादवेल, केवडा अशा झाडोऱ्यात ती अडकते आणि थरावर थर चढतात. वेल जिवंत आहे तोवर वाळू धरून राहते. वेल तुडवली, उपटली की तीच वाळू पुन्हा उडून जाते.

या थरांत जुना इतिहासही दबलेला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व अभ्यासक डॉ. अशोक मराठे यांनी या टेकडीचा अनेक वर्षं अभ्यास केला. जुन्या वस्तीच्या खुणा आणि त्सुनामीने आणून टाकलेला असावा असा थर त्यांनी दाखवून दिला. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामाचं आरमार दाभोळजवळ असताना भर समुद्रात हादरे बसल्याच्या नोंदी पोर्तुगीजांनी ठेवल्या आहेत. भूकंप अभ्यासक सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही केळशीतला हा थर १५२४ च्या त्सुनामीशी जोडला आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या लाटेचा पुरावा असा उघड्यावर सापडणं दुर्मिळच.

टेकडी म्हणजे गावाचा बांध

आपल्याकडे ओढ्याकाठच्या शेताला ताल घालतात, तसंच काम ही वाळू करते. वादळात लाटांचा पहिला मार ती खाते, उडती खारी वाळू आणि वारा मागच्या बागांपर्यंत पोचू देत नाही. म्हणूनच किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांत वाळूच्या टेकड्या सर्वांत जास्त संरक्षणाच्या गटात आहेत. ताल एका जागी फुटला की पाणी तिथूनच घुसतं, टेकडीचंही तसंच आहे. म्हणून तिच्या उतारावर चढू नका, घसरगुंडी खेळू नका, खालून बघा. वाळू, शिंपले, खापराचे तुकडे घरी आणू नका. गाडी पुळणीवर घालू नका. चाकं रुततात आणि भरती आली की गाडी काढणं अवघड होतं.

भरती कधी? पंचांग बघा

कोकणातला साधा हिशोब : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. सकाळी आणि रात्री-संध्याकाळी दोन्ही वेळा हाच आकडा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे षष्ठी ते दशमीच्या दरम्यान गेलं तर दहा ते सव्वाच्या मध्ये पाणी मागे हटलेलं असतं, पुळण मोकळी मिळते.

पाणी ओसरत असताना पोहायला उतरू नका, ते आत ओढतं. नदीच्या मुखाशी तर कधीच नाही. तिथला तळ आणि ओढ रोज बदलते. धरणात पोहणाऱ्यालाही समुद्राचा अंदाज येत नाही. जून ते सप्टेंबर पाण्यापासून लांबच राहा.

दिवसाचं गणित

- पहाटे ५ : भोर सोडा. पेट्रोल आदल्या रात्रीच भरून ठेवा.
- सकाळी १० : केळशी. आधी टेकडी आणि किनारा.
- दुपारी १२ : महालक्ष्मी मंदिर, याकूतबाबांचा दर्गा. शिवाजी महाराजांनी या अवलियाला मान दिल्याचं सांगितलं जातं. मग जेवण.
- दुपारी १.३० : परतीला लागा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधार पडतो, त्याआधी वरंधा चढून झाला पाहिजे.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णै बंदरातला संध्याकाळचा मासळी लिलाव आणि समोरचा सुवर्णदुर्ग हे सगळं त्याच किनाऱ्यावर आहे. पण लिलाव बघून रात्री घाट चढायचा बेत करू नका. हर्णै बघायचं असेल तर दापोलीकडे एक मुक्काम ठेवा आणि सकाळी सावकाश परत या.