बगरूची वही आणि नवा पैसा

जयपूरहून अजमेरच्या वाटेने निघाले म्हणजे सुमारे तीस किलोमीटरांवर बगरू हे गाव लागते. मराठ्यांच्या इतिहासात त्याचे नाव येते ते १७४८ सालच्या लढाईमुळे. जयपूरच्या गादीच्या तंट्यात माधोसिंहाचा पक्ष घेऊन मल्हारराव होळकर तेथे ईश्वरीसिंहाशी लढले. पण आज मला सांगावयाची आहे ती हकीकत तलवारीची नव्हे, वहीची आहे.

बगरू हे छिप्यांचे, म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्यांचे, गाव. हिरड्यात भिजवलेले कापड आणि लोखंड व गूळ आंबवून केलेली काळी शाई यांवर हा धंदा चाले. अशा धंद्याच्या जुन्या वहीत कापड गजाने, हिरडा मण-शेराने आणि मजुरी आण्यांनी मांडावयाची. आजचे कारखाने हाच सारा व्याप 'ईआरपी' नावाच्या संगणकप्रणालीत ठेवतात, आणि जुनी प्रणाली सोडून नवी घेताना मोठमोठ्यांची झोप उडते. आपल्या देशाने मात्र १९५७ ते १९६२ या काळात गज, शेर आणि आणा ही तिन्ही मापे बदलली, तीही धंदा एक दिवस बंद न ठेवता.

नाण्यांचा कायदा १९५५ साली, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, संमत झाला. अंमल सुरू झाला १ एप्रिल १९५७ रोजी. आर्थिक वर्षाचा तो पहिला दिवस असल्याने जुनी बाकी नव्या चलनात ओढून घेणे सोयीचे झाले. टपालखात्याने त्याच दिवशी नव्या पैशांतील तिकिटे काढली. जुनी नाणी मात्र एकदम रद्द केली नाहीत; काही वर्षे दोन्ही बरोबरीने चालली. हे शहाणपणाचेच होते.

खरी अडचण अपूर्णांकाची. रुपयाचे शंभर पैसे केल्यावर एका आण्याचे सव्वासहा होतात. चार, आठ, बारा आणे नेमके बसतात. बाकीचे बसत नाहीत. जवळचा पूर्ण पैसा धरावा, आणि बरोबर अर्धा आल्यास खालचा, असा नियम होता. म्हणून दोन आण्यांचे साडेबारा नव्हे, बाराच. आता दोन आण्यांची आठ कामे घ्या. प्रत्येकाचे पैसे निराळे बदलले तर हाती शहाण्णव येतात. आधी बेरीज करून बदलले तर पुरा रुपया. चार पैशांचा हा फरक कायद्याच्या पुस्तकात क्षुल्लक दिसेल, नगावर राबणाऱ्याला तो क्षुल्लक नव्हता. बेरीज आधी की बदल आधी, हे ठरे कारकुनाच्या लेखणीशी.

वजनांचा बदल १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाला. ९३३ ग्रॅमांचा शेर जाऊन किलो आला, मागोमाग गजाच्या जागी मीटर आला.

१ जून १९६४ रोजी 'नवा पैसा' यातील 'नवा' हा शब्द गळला. आणा तेवढ्याने गेला नाही. पंचवीस पैशांच्या नाण्याला लोक 'चार आणे'च म्हणत राहिले, आणि ते नाणे २०११ साली चलनातून गेले.