परांचीवरून पडलेला माणूस अन् कायदा

२४ ऑगस्ट २०२३ ला आपल्या जामसांवलीत हनुमान लोकचं भूमिपूजन झालं. त्याच महिन्यात, १ तारखेला, शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळून २० जण गेले होते. पुढं १० सप्टेंबरला ठाण्यात बाळकुमला ४० मजली इमारतीची लिफ्ट कोसळली, ७ कामगार गेले. या बातम्या देशभर गेल्या. एकटा गवंडी परांचीवरून पडला, तर गावाबाहेर कुणाला कळत नाही. त्याच्यापर्यंत कायदा कसकसा पोचला, ते या टिपणात बघू.

पहिला कायदा १९२३ चा, कामगार नुकसानभरपाईचा. तेव्हा सौंसर मध्यप्रांतात, राजधानी नागपूर. हा कायदा माणूस पडल्यानंतरचा. त्यातही मालकाच्या धंद्याबाहेरच्या कामावर तात्पुरता लावलेला मजूर वगळलेला. म्हणजे शेतकऱ्यानं घरासाठी चार दिवस गवंडी लावला अन् तो पडला, तर भरपाई नाही. ही अट २००० साली निघाली.

माणूस पडूच नये, यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९३७ मध्येच बांधकाम सुरक्षेचा करार केला होता. आपल्याकडं १९८५ पासून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली बांधकाम मजुरांसाठी मोहीम चालली, तेव्हा कुठं १९९६ चा कायदा झाला. १९९८ च्या नियमांत परांची मजबूत असावी, बांबू चांगला असावा, जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली ती बांधावी-सोडावी, असं आलं.

पण १० पेक्षा कमी मजुरांच्या कामाला हा कायदा लागू नव्हता. स्वतःचं घर १० लाखांच्या आत असेल, तेही सुटलेलं. २०२० च्या संहितेत ही मर्यादा ५० लाख झाली. बल्ल्या अन् सुतळीच्या परांचीवर आपल्याकडं जी घरं उभी राहतात, त्यातली बहुतेक यात बसतात.

आणखी एक गाठ १९५६ ची. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. कामाला माणूस अजून नागपूरलाच जातो, कल्याण मंडळं मात्र राज्यवार. नोंदणी कुठल्या राज्यात आहे, हे घरच्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

सभासदांना विनंती, आपापल्या गावातल्या अशा मृत्यूंचं साल, काम अन् उंची लिहून आणा. नावं छापायची नाहीत, पण नोंद राहू द्या.