मॅक्निशचं पदक

बर्फाने रस्ता बंद झाला की लडाखमधल्या या पोस्टवर संध्याकाळी बुखारीजवळ वाचनाला वेळ मिळतो. सध्या शॅकल्टनच्या 'एन्ड्युरन्स' मोहिमेबद्दल वाचतोय. नेतृत्वावरच्या प्रत्येक व्याख्यानात हा माणूस भेटतोच. जहाज गेलं, पण त्याच्या तुकडीतले अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण परतले. (याच मोहिमेच्या रॉस समुद्राकडच्या तुकडीतले तिघे मेले, ते व्याख्यानात येत नाही.)

मला मात्र या वेळी त्यातला सुतार सापडला. हॅरी मॅक्निश, स्कॉटिश, तोंडाने फटकळ. ऑक्टोबर १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फाने जहाज चिरडलं. पुढे खाणारी तोंडं कमी करायची म्हणून शॅकल्टनने मॅक्निशचं लाडकं मांजर गोळी घालायला लावलं. डिसेंबरअखेर भुसभुशीत बर्फातून जड होड्या ओढताना मॅक्निश अडला. जहाजच बुडालं तर करार संपला, आता हुकूम कसला, असा त्याचा मुद्दा. शॅकल्टनने सगळ्यांना गोळा करून करार वाचून दाखवला आणि मॅक्निश कामाला लागला. होड्या ओढणं तसंही थोड्याच दिवसांत सोडून द्यावं लागलं!

एप्रिल १९१६ मध्ये एलिफंट बेटावरून 'जेम्स केअर्ड' ही जेमतेम सात मीटरची होडी मदत आणायला निघाली. तिच्या कडा मॅक्निशने उंच केल्या होत्या. घसरगाडीच्या पट्ट्या, खोक्यांची झाकणं आणि कॅनव्हास यांतून वर छप्पर केलं. फटी बुजवल्या दिव्याच्या वातींनी, चित्रकाराच्या तैलरंगांनी आणि सीलच्या रक्ताने. तो स्वतःही त्या होडीत होता. सोळा दिवसांत, सुमारे आठशे सागरी मैलांवर, दक्षिण जॉर्जियाचा किनारा लागला. तिथले डोंगर ओलांडायला निघालेल्यांच्या बुटांना होडीचे स्क्रू ठोकून दिले तेही त्यानेच.

पदकांची यादी झाली तेव्हा चौघांना ध्रुवीय पदक नाकारलं गेलं. त्यांत मॅक्निश होता. हा अन्याय झाला असं मोहिमेचे डॉक्टर मॅकलिन यांचंही मत होतं.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं, कारण टेबलावर माझीही एक यादी होती. आमच्या एका हवालदाराने नोव्हेंबरमध्ये जवानांसमोर माझ्याशी वाद घातला होता. ही वाट धरू नका, साहेब, म्हणाला. मी त्याला गप्प केलं. वाट खरंच खराब निघाली. जानेवारीत वादळाने शेल्टरचं छत उडालं, तेव्हा रात्रभर ते बांधून काढणारा हाच. आणि शिफारशींच्या पहिल्या मसुद्यात त्याचं नाव नव्हतं. विसरलो होतो, असं मी स्वतःला सांगत होतो.

शिस्त मोडली तर मोडली. शॅकल्टनने त्या दिवशी बर्फावर त्याला ताळ्यावर आणलं, ते मला आजही बरोबरच वाटतं. पण तो हिशेब तिथेच मिटला होता.

मॅक्निश १९३० मध्ये वेलिंग्टनला वारला. कित्येक वर्षं थडग्यावर साधा दगडही नव्हता. २००४ मध्ये तिथे त्याच्या मांजराचा ब्राँझचा पुतळा बसवला.

यादी सोमवारच्या हेलिकॉप्टरने खाली जाईल. हवालदाराचं नाव तिसऱ्या ओळीत आहे.